तांदूळ की भात? आधी ते लिहा!

काही महिन्यांपूर्वी एक आई आपल्या पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मुलाला टाइप १ डायबेटिस आहे. म्हणजे त्याच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही, आणि प्रत्येक जेवणाआधी ते टोचून घ्यावं लागतं. किती घ्यायचं, हे त्या जेवणात किती ग्रॅम कार्बोहायड्रेट आहे यावर ठरतं. या मुलासाठी दर १२ ग्रॅमला १ युनिट असं प्रमाण ठरलेलं आहे. आई अतिशय काटेकोर. ओट्यावर डिजिटल वजनकाटा, शेजारी वही.

त्या दिवशी दुपारी तिने १२० ग्रॅम भात मोजून वाढला. तक्त्यात लिहिलं होतं: भात, १०० ग्रॅम, कार्बोहायड्रेट ७८ ग्रॅम. त्या हिशोबाने १२० ग्रॅमचे झाले ९४. भागिले १२, म्हणजे भातासाठी ८ युनिट. मुलाने ८ युनिट घेतली आणि जेवला. दीड तासाने त्याला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, आईने विचारलेल्याचं उत्तर नीट देईना. ग्लुकोमीटरवर साखर ५२. आईने घाबरून न जाता तीन चमचे साखर पाण्यात कालवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, आणि मूल सावरलं. हेच रात्री झोपेत झालं असतं तर काय, यावर मी इथे लिहीत नाही.

"डॉक्टर, मी सगळं मोजूनच दिलं होतं हो. माझं कुठे चुकलं?" असं म्हणत तिने तक्ता माझ्यासमोर ठेवला.

तिचं काहीच चुकलं नव्हतं. ७८ हा आकडा भाताचा नाहीच, तो कच्च्या तांदळाचा आहे. शिजलेल्या १०० ग्रॅम भातात साधारण २८ ग्रॅम कार्बोहायड्रेट असतं. म्हणजे त्या १२० ग्रॅम भातात होतं ३४ ग्रॅम, आणि त्याला ३ युनिट पुरली असती. आणि तो तक्ता कुणाचा? माझ्याच दवाखान्याचा. कित्येक वर्षांपूर्वी इंग्रजी तक्त्यावरून तो टाइप करून घेतला, तेव्हा 'राइस, रॉ' मधला 'रॉ' गळून पडला आणि राइसचं झालं 'भात'. मी तो वाचून सही केली, त्याच्या शेकडो प्रती वाटल्या, आणि एवढ्या वर्षांत एकदाही मला त्यात खटकलं नाही.

म्हणून आजचा लेख थोडा रागाने लिहितो आहे. राग आधी स्वतःवर आहे, आणि मग आहारतक्ते वाटणाऱ्या आम्हा सगळ्यांवर: डॉक्टर, आहारतज्ज्ञ, जिममधले ट्रेनर आणि तुमच्या मोबाइलमधली ती कॅलरी मोजणारी अ‍ॅप. ज्या तक्त्यात ग्रॅम लिहिले आहेत पण ते कच्च्याचे की शिजवलेल्याचे हे लिहिलेलं नाही, तो तक्ता अपुरा नाही, चुकीचा आहे. तो वापरू नका.

तुलना द्यायची तर इन्सुलिनचीच देतो. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या ४० युनिटच्याही मिळतात आणि १०० युनिटच्याही; म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० किंवा १०० युनिट. दोन्हीच्या सिरिंज वेगळ्या: ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. अदलाबदल झाली तर डोस अडीच पटीने चुकतो. म्हणून आम्ही प्रत्येक पेशंटला टोपणाचा रंग दाखवतो, बाटली हातात घेऊन वाचायला लावतो, केमिस्टला फोन करून ओरडतो. आणि त्याच पेशंटच्या हातात असा कागद देतो, ज्यात तांदूळ-भाताच्या गोंधळाने हिशोब जवळपास तीन पटीने चुकू शकतो! टोपणाच्या रंगाची चिंता आणि ताटातल्या भाताची नाही, याला काय म्हणायचं?

गंमत अशी की हा गोंधळ इंग्रजीत होणं मी समजू शकतो. तिथे पोत्यातला राइस आणि ताटातलाही राइसच. पण आपली भाषा याबाबतीत केवढी शहाणी आहे पाहा. डब्यात असतो तो तांदूळ, ताटात येतो तो भात. डाळ शिजली की वरण. कणीक भाजली की पोळी, ज्वारीचं पीठ थापलं की भाकरी, मटकीची उसळ, रव्याचा उपमा. (शेतात उभा असतो त्यालाही भातच म्हणतात, पण तो अजून कुणी वाट्याने खाल्लेला नाही.) आपल्या आज्यांनी दोन वेगळ्या वस्तूंना दोन वेगळी नावं दिली होती, आणि आम्ही शिकलेल्यांनी 'राइस १०० ग्रॅम' असं लिहून ती पुसून टाकली. चिकन, पनीर, सोया चंक्स, पोहे, भाज्या यांना कच्चं-शिजलेलं असं वेगळं नाव नाही. तिथे तर तो शब्द लिहायलाच हवा.

आता मुळात हा फरक कशाने पडतो ते नीट समजून घ्या, कारण यावर रोज कुणीतरी विचारतं. "डॉक्टर, तांदळात साडेतीनशे कॅलरी आणि भातात एकशे तीस, म्हणजे शिजवल्यावर कॅलरी कमी होतात ना?" नाही. १०० ग्रॅम तांदळात सुमारे ३५६ कॅलरी असतात. त्यात २०० ग्रॅम पाणी घालून कुकरला लावले की सुमारे ३०० ग्रॅम भात होतो. त्या अख्ख्या ३०० ग्रॅम भातात कॅलरी किती? तेवढ्याच, ३५६. पाण्याला कॅलरी नसतात. फक्त त्याच कॅलरी आता तिप्पट वजनात पसरल्या. दुधात पाणी घातलं म्हणून दूध वाढलं, असं आपण म्हणत नाही ना? तसंच.

आणि पाणी किती शोषलं जाईल, हे कुणाच्या तक्त्यावर ठरत नाही. जुना तांदूळ जास्त फुगतो, नवा कमी. कुणाच्या घरी भात मोकळा, कुणाकडे आजोबांना दात नाहीत म्हणून मऊ. मोकळा भात तांदळाच्या अडीच पट भरतो, मऊ भात साडेतीन पटही भरेल. म्हणजे '१०० ग्रॅम भात' या एकाच शब्दांत एका घरी १४० कॅलरी असतात आणि शेजारच्या घरी १००. पेजेचं तर विचारूच नका. १३० हा आकडा जो छापला जातो, तो एका सरासरी भाताचा. तुमच्या घरचा भात सरासरी असेलच असं नाही.

वरणात हे आणखी वाढतं, आणि इथे माझ्या वयस्कर पेशंटांचं खरं नुकसान होतं. तक्त्यात 'वरण १ वाटी' असतं. १०० ग्रॅम तूरडाळीत सुमारे २१ ग्रॅम प्रथिनं. तिचं साधारण ३५० ग्रॅम घट्ट वरण झालं, तर दीडशे ग्रॅमच्या वाटीत ४३ ग्रॅम डाळ आली, म्हणजे ९ ग्रॅम प्रथिनं. त्याच डाळीत पाणी वाढवून ६०० ग्रॅम पातळ वरण केलं, तर त्याच वाटीत डाळ २५ ग्रॅम आणि प्रथिनं ५ ग्रॅम. सत्तरीच्या आजी रोज दोन वाट्या वरण 'पितात', घरच्यांना वाटतं प्रथिनं भरपूर चालली आहेत, आणि आजींचे दंड मात्र दर सहा महिन्यांनी बारीक होत जातात. वाटी तीच, चव तीच. डाळ किती शिजायला घातली हे कुणी विचारलंच नाही. किडनीच्या पेशंटला आम्ही प्रथिनं मोजून देतो, तिथे हाच घोळ उलट्या दिशेने होतो.

मांसाहारात पाणी आत जात नाही, बाहेर येतं. १०० ग्रॅम कच्चं बोनलेस चिकन शिजवून कोरडं केलं की ७०-७५ ग्रॅम उरतं. कच्च्यात १२० च्या आसपास कॅलरी, तर शिजलेल्या १०० ग्रॅममध्ये १६५. म्हणजे भाताची चूक ज्या बाजूला, चिकनची बरोबर विरुद्ध बाजूला. दोन्ही चुका एकमेकींना कापून टाकतात असं समजू नका. तसं कधी होत नाही.

आणि सोया चंक्स! पाकिटावर १०० ग्रॅमला ५२ ग्रॅम प्रथिनं लिहिलेली असतात. ती कोरड्या चंक्सची, कारण पाकिटावरचे आकडे पाकिटातल्या वस्तूचे असतात, तुमच्या कढईतल्या नव्हे. भिजवून, पिळून त्यांचं वजन अडीच-तीन पट होतं. परवा एक तरुण मला सांगत होता की तो दिवसाला ५० ग्रॅम सोया खातो, २६ ग्रॅम प्रथिनं मिळतात. विचारलं, कधी मोजतोस? तर भिजवल्यावर. त्याला मिळत होती जेमतेम ९ ग्रॅम. आणि वर तो तक्रार करत होता की एवढं करून स्नायू का वाढत नाहीत.

आपल्याकडच्या अधिकृत आकड्यांचं काय? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यातले धान्य-डाळींचे आकडे कच्च्या वस्तूंचे आहेत, आणि ते योग्यच आहे. याच संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक सूचनांमध्ये २००० कॅलरींच्या ताटासाठी दिवसाला २५० ग्रॅम धान्य आणि ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं सांगितली आहेत. हीसुद्धा कच्च्या वजनात. पण हा आकडा फॉरवर्ड होत होत फोनवर पोचतो तेव्हा 'कच्चं' हा शब्द वाटेत सांडलेला असतो. मग एखादे काका तीन पोळ्या आणि एक वाटी भात काट्यावर ठेवतात, २५० ग्रॅम भरलं म्हणून थांबतात, आणि प्रत्यक्षात १३५ ग्रॅमच्या आसपास धान्य खातात. संध्याकाळी भुकेने कासावीस होऊन फरसाणाचा डबा उघडतात आणि स्वतःला दोष देतात, मनावर ताबा नाही म्हणून. काका, मन ठीक आहे. कागद चुकीचा आहे.

यावर जिममधल्या मंडळींचं उत्तर तयार असतं: "सर, सगळं कच्चंच मोजायचं." तत्त्व म्हणून शंभर टक्के बरोबर. पण हा सल्ला देणाऱ्याने पाच माणसांच्या घरात कधी कुकर लावला आहे का? भात सगळ्यांचा एकत्र शिजतो. सुनेने सासऱ्यांचे ५० ग्रॅम तांदूळ वेगळ्या डब्यात लावायचे, नवऱ्याचे ६० दुसऱ्या, आणि स्वतः काय खायचं? असा सल्ला चार दिवस पाळला जातो आणि पाचव्या दिवशी काटा माळ्यावर जातो.

त्यापेक्षा हे करा. तुमच्या भाताच्या डब्याचं रिकामं वजन एकदा करा आणि डब्याच्या तळाला मार्करने लिहून ठेवा. तांदूळ धुण्याआधी कोरडे मोजा. समजा ३०० ग्रॅम घेतले. कुकर झाल्यावर भरलेला डबा काट्यावर ठेवा, रिकाम्या डब्याचं वजन वजा करा. समजा भात भरला ८७० ग्रॅम. ८७० भागिले ३०० म्हणजे २.९. हा तुमच्या घरच्या भाताचा आकडा. आता तुमच्या ताटात १४५ ग्रॅम भात वाढला असेल, तर १४५ भागिले २.९, म्हणजे तुम्ही ५० ग्रॅम तांदूळ खाल्ले. कॅलरी १७८, कार्बोहायड्रेट ३९ ग्रॅम. तांदूळ तोच, पाण्याचं माप तेच, कुकरही तोच असेल तर हा आकडा रोज काढायची गरज नाही. तीन-चार वेळा काढून पाहा, फार हलणार नाही. तांदूळ बदलला की पुन्हा काढा.

पोळ्यांना तर काट्यावर ठेवायचीही गरज नाही. कणीक मळण्याआधी कोरडी मोजा, झालेल्या पोळ्या मोजा, भागाकार करा. ४५० ग्रॅम कणकेच्या १५ पोळ्या झाल्या तर एका पोळीत ३० ग्रॅम कणीक, सुमारे ९६ कॅलरी, वर लावलेलं तेल-तूप वेगळं. पोळी फुगली, कडक झाली, थोडी करपली, तरी आतली कणीक ३० ग्रॅमच. भाकरीचंही तसंच, पण भाकरीचा आकार हाताप्रमाणे फार बदलतो म्हणून एकदा खरोखर मोजाच; 'अर्धी भाकरी' म्हणणाऱ्या एका पेशंटची अर्धी भाकरी माझ्या घरच्या दीड भाकरीएवढी होती.

पालेभाजीसाठी मात्र हा खटाटोप करू नका. मेथीची जुडी शिजून मूठभर होते, वजनाचे आकडे कसेही नाचतात, पण भाजीत कॅलरी असतात किती? तिथे मोजायचं ते तेल. तेल ना फुगतं ना आटतं, एका चमच्याला, म्हणजे ५ मिलिलिटरला, सुमारे ४० कॅलरी. काहीजण मेथीचं कच्चं वजन ग्रॅममध्ये लिहितात आणि फोडणीचं तेल 'थोडंसं' असं लिहितात! चौघांच्या घरात महिन्याला ४ लिटर तेल संपत असेल तर माणशी रोज ३० ग्रॅम, म्हणजे २७० कॅलरी. ही बेरीज किराण्याच्या बिलावरून होते, काटा लागत नाही.

आता आक्षेप. माझ्याच एका डॉक्टर मित्राने हा लेख वाचून म्हटलं, "अरे, लोकांना एवढं कशाला घाबरवतोस? अंदाजाने खाल्लं तरी चालतं." मान्य, बऱ्याच जणांचं चालतं. ज्याला फक्त पाच किलो वजन कमी करायचं आहे, तो रोज एकाच पद्धतीने चुकत असेल तर बिघडत नाही. महिन्याने काट्यावर उभं राहून वाढणं थोडं कमी-जास्त करता येतं. मेसमध्ये जेवणाऱ्या, डबा मागवणाऱ्या माणसाला तर कच्चं वजन कळणारच नाही. त्याने शिजलेल्याचंच वजन घ्यावं, शिजलेल्याचाच आकडा वापरावा, आणि तो अंदाज आहे हे लक्षात ठेवावं. पण मग माझं म्हणणं असं की, अंदाजच द्यायचा असेल तर अंदाजाच्या भाषेत द्या ना! 'मुदीएवढा भात, दोन पोळ्या, वाटीभर घट्ट वरण' असं लिहा. ग्रॅम लिहिलेत की समोरच्याला वाटतं हे विज्ञान आहे, आणि तो बिचारा काटा विकत आणतो. अंदाजाला ग्रॅमचा झब्बा चढवून विकणं ही फसवणूक आहे, नकळत केलेली असली तरी.

आणि ज्याचा इन्सुलिनचा डोस त्या आकड्यावर ठरतो, त्याच्या बाबतीत 'चालतं' हा शब्द मी ऐकून घेणार नाही.

अ‍ॅप वापरणाऱ्यांनी एवढंच करावं: पदार्थ शोधताना नावापुढे कच्चं किंवा शिजवलेलं लिहिलेली नोंदच निवडा. नुसतं 'राइस' असेल तर आकडा पाहा. १०० ग्रॅमला ३५० च्या आसपास असेल तर ते तांदूळ, १३० च्या आसपास असेल तर भात. अशा कित्येक नोंदी तुमच्या-आमच्यासारख्यांनीच भरलेल्या असतात, त्यामुळे हॉटेलातल्या मेनूकार्डावर ठेवाल तेवढाच विश्वास त्यांवर ठेवा.

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. हा लेख वाचून आपल्या मनाने युनिट कमी-जास्त करू नका. काही जण चुकीच्याच तक्त्याने मोजत आले आहेत आणि त्यांचं प्रमाणही त्याच चुकीच्या मोजण्यावर बसवलेलं आहे. अशांनी एकदम फक्त आकडा दुरुस्त केला तर साखर भलतीकडे जाईल. आधी वही आणि तक्ता घेऊन डॉक्टरांकडे जा. "यातलं वजन कच्च्याचं की शिजलेल्याचं?" एवढाच प्रश्न विचारा. डॉक्टर अडखळले तर रागावू नका, मीही अडखळलो होतो. पण उत्तर तक्त्यावर पेनने लिहून घेतल्याशिवाय उठू नका.

आमच्या दवाखान्याचा नवा तक्ता आता तयार आहे. त्यात तांदूळ आणि भात वेगवेगळ्या ओळींत आहेत, आणि भाताच्या ओळीत तुमच्या घरचा आकडा भरायला रिकामी जागा आहे. तो तपासायला मी त्या मुलाच्या आईलाच दिला होता. तिने त्यात दोन चुका काढल्या: पोहे कोरडे की भिजवलेले ते लिहिलं नव्हतं, आणि साबुदाण्याचंही नाही. दोन्ही दुरुस्त केल्या आहेत. ज्यांच्याकडे जुना, पिवळ्या कागदावरचा तक्ता असेल, त्यांनी तो फाडून टाकावा आणि पुढच्या वेळी काउंटरवरून नवा घ्यावा.